बारावा फटका

(सोमाटणे येथील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शेजारी राष्ट्राशी होणारा सामना मावळच्या मातीला नवा नाही. सोमाटण्यापासून थोड्याच अंतरावर, द्रुतगती महामार्गाच्या कडेला गहुंज्याचे क्रिकेट मैदान आहे. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषक स्पर्धेत भारत आणि बांगलादेश तेथे समोरासमोर उभे ठाकले. बांगलादेशाने २५६ धावा केल्या. विराट कोहलीने नाबाद १०३ धावा काढल्या आणि भारताने सात गडी राखून विजय मिळवला. घराघरांतून तो सामना पाहिला गेला आणि त्या शतकाची आठवण अनेकांच्या मनात अद्याप ताजी असेल.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत याच दोन राष्ट्रांचे संघ पुन्हा एकदा भिडले. या वेळी खेळ फुटबॉलचा होता, मैदान ढाक्याचे होते आणि खेळणाऱ्या होत्या एकोणीस वर्षांखालील मुली. हा सामना फारच थोड्यांनी पाहिला. वर्तमानपत्रांनी त्याला कोपऱ्यातली जागा दिली, तीही त्यात झालेल्या गोंधळामुळे. परंतु शेजाऱ्याशी स्पर्धा करताना राष्ट्राने कसे वागावे, या प्रश्नाचा धडा त्या कोपऱ्यातल्या बातमीत दडलेला आहे. त्याच धड्याचा आज विचार करावयाचा आहे.

दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ १९९७ साली स्थापन झाला. भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव हे त्याचे आरंभीचे सदस्य. पुढे भूतान त्यात आला. अफगाणिस्तानही काही वर्षे होता, तो २०१५ मध्ये मध्य आशियाच्या गटात गेला. ‘सॅफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या महासंघाच्या प्रौढ गटातील स्पर्धा गोव्याच्या जुन्या क्रीडारसिकांना चांगल्या ठाऊक आहेत. १९९९ साली मडगावला झालेल्या अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशाला २-० असे नमवले होते आणि त्यातला एक गोल गोव्याच्याच ब्रुनो कुतिन्होचा होता. महासंघाच्या कुमार गटांच्या स्पर्धा मात्र त्यामानाने अलीकडच्या. मुलांसाठी सोळा वर्षांखालील स्पर्धा २०११ साली काठमांडूला सुरू झाली. पहिलाच चषक पाकिस्तानने भारताला हरवून नेला. एकोणीस वर्षांखालील स्पर्धा २०१५ साली सुरू झाली. तिथे नेपाळने भारताला पेनल्टींवर पराभूत केले. दोन्ही वेळा आरंभ आपल्या पराभवाने झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोकसंख्येने, साधनांनी आणि आकाराने कितीही मोठे असलो तरी मैदानात दोन्ही बाजूंना अकराच खेळाडू असतात.

आता ढाक्याकडे वळू. तारीख ८ फेब्रुवारी २०२४. त्या स्पर्धेत भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान असे चार संघ होते. साखळीत भारताने भूतानला १०-० आणि नेपाळला ४-० असे हरवले. बांगलादेशाकडून मात्र ०-१ असा पराभव पत्करला. अंतिम फेरीत पुन्हा तेच दोघे. आठव्या मिनिटाला शिवानी देवीने भारताला आघाडी मिळवून दिली. पुढची ऐंशीहून अधिक मिनिटे ती आघाडी आपल्या मुलींनी परक्या मैदानावर, परक्या जनसमुदायासमोर टिकवून धरली. नियमित वेळ संपली, भरपाईची मिनिटे सुरू झाली आणि त्या भरपाईच्या वेळेत बांगलादेशाच्या सागरिकाने बरोबरी साधली. चषक हातातोंडाशी आला होता, तो निसटला.

मग पेनल्टी फटके सुरू झाले. बारा यार्डांवर चेंडू ठेवायचा, समोर एकटी गोलरक्षक आणि चहूकडे आरडाओरडा. पाच-पाच फटक्यांत निकाल लागला नाही. सहावा झाला, सातवा झाला, आठवा झाला. शेवटी दोन्ही गोलरक्षकांनाही फटका मारण्याची पाळी आली आणि त्यांनीही गोल केले. अकरा विरुद्ध अकरा! बावीस फटके आणि बावीस गोल. एकीचाही पाय थरथरला नाही. जगातल्या मातब्बर खेळाडूंचे पाय ज्या क्षणी लटपटतात, त्या क्षणी सतरा-अठरा वर्षांच्या या मुली, आपल्याही आणि त्यांच्याही, खंबीरपणे उभ्या राहिल्या.

येथपर्यंत सारे नियमाप्रमाणे चालले होते. पंच बाराव्या फटक्याची तयारी करीत असतानाच सामना आयुक्तांनी हस्तक्षेप केला. निकाल नाणेफेकीने लावण्यात यावा, असे त्यांनी ठरवले. नाणे उडाले, कौल भारताच्या बाजूने पडला आणि भारत विजेता म्हणून घोषित झाला. आपल्या मुलींनी जल्लोष केला. बांगलादेशाच्या मुली मात्र मैदान सोडायला तयार होईनात. प्रेक्षकांतून मैदानाच्या दिशेने वस्तू फेकल्या जाऊ लागल्या. दरम्यान आयुक्तांना आपली चूक उमगली. नाणेफेकीचा निर्णय मागे घेऊन फटके पुढे चालू करावेत, असे त्यांनी सांगितले. एकदा विजेता घोषित झालेला भारतीय संघ मैदानाबाहेर गेला होता, तो परत आला नाही. तासाहून अधिक काळ खल चालला आणि अखेर दोन्ही संघांना संयुक्त विजेते जाहीर करण्यात आले.

फुटबॉलचा नियम या बाबतीत अगदी स्वच्छ आहे. सर्व खेळाडूंचे फटके संपले आणि तरीही बरोबरी राहिली, तर पुन्हा फटके मारायचे. सारख्याच फटक्यांत एका संघाचा एक गोल अधिक होईपर्यंत मारत राहायचे. नाण्याचा संबंध फक्त आरंभी, कोणत्या बाजूच्या गोलवर आणि प्रथम कोणी मारायचे एवढ्यापुरता. निकाल नाण्याने लावण्याची पद्धत जुन्या काळी होती. १९६८ साली युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, नेपल्स येथे, इटली आणि सोव्हिएत संघ यांची बरोबरी झाली आणि इटली नाणेफेकीवर अंतिम फेरीत गेली. एवढ्या मोठ्या स्पर्धेत परिश्रमांचा निवाडा नशिबावर सोपवणे सर्वांनाच खटकले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९७० साली, पेनल्टी फटक्यांचा नियम स्वीकारला गेला. म्हणजे ढाक्यात जे नाणे उडाले, ते त्याआधी चोपन्न वर्षे नियमपुस्तकातून बाद झालेले होते.

या घटनेनंतर आपल्याकडे दोन प्रकारची मते व्यक्त झाली. एक मत असे, की जिंकलेला चषक भारताने शेजाऱ्याच्या दांडगाईपुढे वाटून टाकला. हे दुबळेपण झाले. दुसरे मत असे, की चषक वाटून घेतला हे मोठेपण झाले, शेजारधर्म पाळला गेला. दोन्ही मते मांडणारी माणसे देशावर प्रेम करणारीच आहेत. पण दोन्ही मतांनी मूळ प्रश्नाला बगल दिली आहे.

तो चषक आपण खरोखर जिंकला होता काय? आपल्या मुलींनी अकरा फटके मारले, अकराही गोल केले. हा पराक्रम निर्विवाद. पण समोरच्या मुलींनीही तेवढाच पराक्रम केला होता. फरक पडला तो फक्त नाण्याने, आणि तो नियमाला धरून नव्हता. उद्या हेच नाणे उलटे पडले असते आणि बांगलादेशाला विजेते घोषित केले असते, तर आपण स्वस्थ बसलो असतो काय? नियमपुस्तक उघडून, पान दाखवून, बाराव्या फटक्याची मागणी आपणच केली असती आणि ती न्याय्य ठरली असती. जी मागणी आपल्याला न्याय्य वाटली असती, ती शेजाऱ्याने केली म्हणून अन्याय्य ठरत नाही.

म्हणून स्पष्टपणे म्हणावे लागते, की त्या रात्री भारतासाठी सर्वांत गौरवाची जागा मैदानाबाहेर नव्हती आणि संयुक्त विजेत्यांच्या व्यासपीठावरही नव्हती. ती होती पुन्हा एकदा त्या बारा यार्डांवर, बाराव्या फटक्यासाठी. तेथे जिंकलो असतो तर कोणाला बोट दाखवता आले नसते. हरलो असतो तरी मान खाली घालण्याचे कारण नव्हते.

यात त्या मुलींना दोष देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विजेते म्हणून ज्यांचे नाव पुकारले गेले, ज्यांच्या दिशेने वस्तू भिरकावल्या गेल्या, त्या कुमारवयीन मुलींनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे वागावे हेच स्वाभाविक होते. त्यांची सुरक्षितता ही पहिली जबाबदारी होती आणि त्या गोंगाटात त्यांना परत उभे करणे सोपे नव्हते, हेही खरे. प्रेक्षकांना आवरण्याचे काम यजमानांचे होते आणि ते त्यांना जमले नाही. परंतु प्रेक्षकांना शांत करा, बंदोबस्त पुरा करा आणि मग आम्ही नियमाप्रमाणे बाराव्या फटक्याला उभे राहतो, असे सांगता आले असते. असे सांगणाऱ्या राष्ट्राकडे शेजारी राष्ट्रे वेगळ्या नजरेने पाहतात.

या ठिकाणी शिवछत्रपतींच्या एका पत्राची आठवण होते. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी ते पाठवले होते. रयतेकडून काही ओरबाडू नका, दाणागोटा लागेल तो बाजारातून पैसे देऊन घ्या, असा त्यातला आदेश सर्वपरिचित आहे. त्याच पत्रात एक बारीकशी सूचना आहे. रात्री दिवे पेटते ठेवू नका. एखादा उंदीर पेटती वात पळवून नेईल, गवताला आग लागेल आणि सारी पागा संकटात येईल. ज्या राजाने बलाढ्य पातशाह्यांशी झुंज दिली, तो आपल्या सैनिकांना उंदराने पळवलेल्या वातीबद्दल बजावतो आहे! शिस्त म्हणजे काय, ते यातून कळते. ढाक्यात उंदराने वात नेली ती अशीच. नियमाचे एक पान वेळेवर पाहिले गेले नाही आणि त्या एका ठिणगीने दोन देशांच्या मुलींचे अपूर्व कर्तृत्व झाकोळून गेले. बावीस गोल कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. नाणे तेवढे राहिले.

बाराव्या फटक्याला उभे राहण्याची तयारी एका रात्रीत येत नाही. पराभव पचवण्याची आणि पुन्हा उभे राहण्याची सवय त्यासाठी लागते. ती कशी लागते, हे याच स्पर्धांच्या गेल्या काही वर्षांच्या इतिहासात दिसते. सप्टेंबर २०१७ मध्ये भूतानची राजधानी थिम्पू येथे अठरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत भारत बांगलादेशाविरुद्ध ३-० असा आघाडीवर होता. सामना संपला तेव्हा धावफलकावर होते बांगलादेश ४, भारत ३. ढाक्याच्या घटनेनंतर महिनाभरात नेपाळमध्ये सोळा वर्षांखालील मुलींचा अंतिम सामना झाला. पुन्हा भारत-बांगलादेश, पुन्हा १-१, पुन्हा पेनल्टी. या वेळी नियमाप्रमाणे निकाल लागला आणि बांगलादेश जिंकला. आपल्या मुली रडल्या असतील, पण वाद झाला नाही.

आणि १८ मे २०२५ रोजी अरुणाचल प्रदेशात युपिया येथे एकोणीस वर्षांखालील मुलांचा अंतिम सामना झाला. बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ आणि श्रीलंका या पाच देशांचे संघ या स्पर्धेसाठी अरुणाचलात आले होते, याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ज्या भूमीवर चीन नकाशे रंगवून हक्क सांगतो, त्या भूमीवर पाच शेजाऱ्यांची मुले भारताचे पाहुणे म्हणून खेळली. अंतिम सामन्यात कर्णधार सिंगमायुम शामीने दुसऱ्याच मिनिटाला फ्री किकवर गोल केला. उत्तरार्धात बांगलादेशाने बरोबरी केली. पुन्हा १-१ आणि पुन्हा पेनल्टी. आपला एक फटका अडवला गेला. थिम्पूची आठवण असणाऱ्यांच्या काळजात धस्स झाले असेल. पण गोलरक्षकाने एक फटका अडवला, प्रतिस्पर्ध्याचा एक फटका गोलच्या वरून गेला आणि निर्णायक चेंडू शामीनेच जाळ्यात धाडला. ४-३. या विजयावर कोणालाही बोट ठेवता आले नाही. तो नियमाने आला होता.

शेजाऱ्याकडून घेण्यासारखेही पुष्कळ आहे. बांगलादेशाच्या मयमनसिंह जिल्ह्यात, मेघालयच्या सीमेलगतच्या भागात कलसिंदूर नावाचे खेडे आहे. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या मैदानावर शिक्षकांनी मुलींना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. २०११ साली त्या देशात प्राथमिक शाळांतील मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि या खेड्यातल्या मुलींनी तिचे विजेतेपद मिळवले. त्यांच्यातूनच मारिया मांदा, सानजिदा अख्तर यांच्यासारख्या खेळाडू राष्ट्रीय संघात गेल्या. याच पिढीने २०२२ साली काठमांडूत प्रौढ महिलांचा सॅफ चषक जिंकला आणि २०२४ साली तो राखला. श्रीमंत क्लब नव्हता, मोठे शहर नव्हते. होती एक शाळा, एक मैदान आणि चिकाटीचे शिक्षक. भारतातही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातून आलेली अस्तम उराँव २०२२ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताची कर्णधार झाली. राष्ट्रीय संघाची वाट खेड्यातून जाऊ शकते, हे दोन्ही देशांनी सिद्ध केले आहे.

मग ती वाट सोमाटण्यातून का जाऊ नये? महाराष्ट्रात फुटबॉलची ओढ नाही असे कोणी म्हणू नये. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा रस्त्यावर येतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या बालेवाडीतील क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. बालेवाडी येथून तासाभराच्या आतल्या अंतरावर आहे. पण कोल्हापूरचे दुसरे चित्रही पाहायला हवे. समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवण्याची वेळ तिथे अनेकदा आली आहे. ढाक्याच्या प्रेक्षकांना नावे ठेवण्यापूर्वी शेजारच्या पेठेशी आपण कसे वागतो, हे तपासून पाहावे. गल्लीतल्या सामन्यात पंचाच्या अंगावर धावून जाणारा समाज राष्ट्राच्या सामन्यात शिस्तीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

नियमाची दुसरी परीक्षा याहून जवळची आहे, ती थेट घराच्या उंबऱ्याच्या आत होते. कुमार गटाच्या प्रत्येक खेळाला लागलेली कीड म्हणजे वयचोरी. एक-दोन वर्षे कमी दाखवली की मुलगा लहान गटात चमकतो, पदक मिळते, प्रमाणपत्र मिळते, त्यावर सवलतीचे गुण मिळतात. जन्मतारीख बदलणाऱ्या कागदावर बहुधा पालकांचीच सही असते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००९ सालच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. वाढत्या वयात मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते. ती पूर्ण जुळून आली असेल तर खेळाडूने सतरावे वर्ष ओलांडले आहे, असे जवळजवळ निश्चितपणे सांगता येते. कागद खोटे बोलू शकतो, हाड बोलत नाही. पण यंत्राने पकडण्याची वाट का पाहायची? खोट्या वयाने जिंकलेला चषक आणि बेकायदा नाण्याने मिळालेला चषक यांत फरक तो काय? उलट पहिला अधिक वाईट. त्यात एका खऱ्या वयाच्या मुलाची जागा चोरलेली असते आणि चोरी कशी करावी हे मुलाला घरातूनच शिकवलेले असते.

उरतो प्रश्न मैदानाचा. फुटबॉलचे पूर्ण मापाचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, म्हणजे सुमारे सत्तर गुंठे. मावळात आज गुंठ्याचा भाव काय, हे येथे बसलेल्यांना सांगण्याची गरज नाही. महामार्ग आले, कारखाने आले, बंगल्यांच्या वसाहती आल्या आणि ज्या माळांवर पोरे खेळत त्या माळांना कुंपणे पडली. सत्तर गुंठे मिळणे अवघड आहे. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलांचा खेळ पाच-सहा गुंठ्यांतही रंगतो. शाळेच्या पटांगणात वाहने उभी राहणार नाहीत, गावठाणातली मोकळी जागा मोकळीच राहील आणि संध्याकाळी तासभर शिकवणीऐवजी मुले-मुली तेथे घाम गाळतील, एवढे तरी ग्रामस्थांना करता येईल. शिकवणारा एखादा शिक्षक, एक चेंडू आणि नियमाचे पुस्तक. ते पुस्तक विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण ढाक्यात नेमके तेच वेळेवर उघडले गेले नाही.

शेजारी निवडता येत नाही. बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका ही राष्ट्रे नकाशावरून हलणार नाहीत. त्यांच्याशी व्यापार होईल, सीमेवर तंटे होतील, पाण्याच्या वाटणीवर वाद होतील आणि मैदानावर सामनेही होतील. मोठ्या राष्ट्राकडे सारेजण दोन गोष्टींच्या अपेक्षेने पाहत असतात: त्याने बलवान असावे आणि त्याने नियमाने वागावे. बळ नसेल तर नियमाची भाषा केविलवाणी वाटते. नियम नसेल तर बळाची भीती वाटते, आदर वाटत नाही. ढाक्याच्या त्या रात्री आपल्या अकरा मुलींनी पहिली गोष्ट अकरा वेळा सिद्ध केली. दुसरी सिद्ध करण्याची संधी बाराव्या फटक्यात होती. ती त्या रात्री हुकली असेल, पण तसा प्रसंग पुन्हा येणार आहे, कारण या स्पर्धा दरवर्षी कोठे ना कोठे होत असतात.

त्या प्रसंगी चेंडूपुढे उभी राहणारी मुलगी कदाचित मावळातली असेल. तिचे वय खरे असावे, तिचा पाय स्थिर असावा आणि निकाल काहीही लागला तरी समोरच्या मुलीचा हात हाती घेण्याचे धैर्य तिच्या अंगी असावे. तिला तसे घडवण्याचे काम दिल्लीत होत नाही. ते इथल्या शाळेच्या पटांगणात आणि इथल्या घरांत होते.